सर्जेरावांची खुशाली

“मावशी, चढताना रिकाम्या गळ्यानं गेलात आणि उतरताना लग्न लावून आलात की काय?”

पूर्णगडाच्या पायथ्याशी बसच्या दारात उभी राहून मी हे बोलले, आणि शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच माळीकाकूंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की हातातला माइक पडता पडता वाचला.

सकाळी रत्नागिरीहून निघताना पाटीलमावशींचं कपाळ कोरं होतं, गळ्यात काही नव्हतं. आता कपाळावर मोठी लाल टिकली होती आणि गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, पायथ्याच्या टपरीत शिंपल्यांच्या माळांशेजारी टांगलेलं असतं तसलं. नजर खाली ठेवून त्या माझ्या बाजूनं वर चढल्या आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसल्या.

“जीभ हाय का कातर?” माळीकाकू माझ्या कानाशी लागल्या. “विधवा हाय ती. ऐन तरुणपणापासनं. आज हे काय खूळ घेतलंय डोक्यात ते आम्हाला बी ठाऊक न्हाई. पण तू गप बस.”

मला गप बसायला सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यासारखं. त्या दिवसांत बोलणं हाच माझा धंदा होता. रत्नागिरीहून सकाळी निघायचं, भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, कशेळीचं सूर्यमंदिर, मग कड्यावरून सूर्यास्त दाखवून परत, अशी आमची किनारा-दर्शनाची एक दिवसाची बस. मी गाईड. महाराजांनी बांधलेला शेवटचा गड म्हणून हा पूर्णगड, असं मी छातीठोकपणे सांगायचे. इतिहासवाले यावर नाक मुरडतात हे ठाऊक असूनही. लोक खूश होत. त्या दिवशीची बस कोल्हापूरच्या एका महिला मंडळाची होती आणि माळीकाकू त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

माझ्या सहलीचा हुकमाचा एक्का म्हणजे ‘माहेरची ओटी’. कल्पना माझीच. पूर्णगडाच्या पुढे, पूल ओलांडून खाडीपलीकडे गेलं की भाटवेळ नावाचं गाव लागतं. तिथल्या शेवड्यांच्या घरी आमचं जेवण असे. जेवणं झाली की घरची सून ऋजुता पडवीत पाट मांडून बसायची आणि सहलीतल्या एकेका बाईची खणा-नारळानं ओटी भरायची. ओटी भरण्याआधी प्रत्येकीनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं. बायका लाजत, हसत, एकमेकींचे फोटो काढत. कितीतरी जणी डोळे पुसत निघायच्या. विधवा आणि कुमारिकांना हातात कोकमाची बाटली मिळे. रीतच तशी, म्हणून ऋजुतानं किंवा मी त्याचा कधी विचारही केला नव्हता.

पूल ओलांडला तशी पाटीलमावशींनी मला हात केला. मी त्यांच्या शेजारी टेकले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, “ते ओटी भरायचं खरं आहे ना? आमच्या आळीतल्या बायका गेल्या वर्षी येऊन गेल्या. त्यांनी फोटो दाखवले.”

“खरं आहे की.”

“विधवांची नाही भरत.”

“नाही,” मी म्हटलं. पहिल्यांदाच मला ते म्हणताना कसंसंच झालं.

त्यांनी टिकली नीट बसली आहे का ते बोटानं चाचपून पाहिलं. “फोटोत पायऱ्यांची विहीर दिसली, आणि मागं बकुळीचं झाड. मी लगेच ओळखलं. ते माझं माहेर आहे.”

“पन्नासेक वर्षं झाली. गावच्या शाळेत मास्तर होते, घाटावरचे, जातीबाहेरचे. त्यांच्याशी लग्न केलं आणि गेले. पुन्हा पाऊल टाकलं नाही. आता आई-बाबा नाहीत. धाकटा भाऊ आहे, तो मला ओळखायचा नाही. मलाही काही बोलायचं नाहीये. त्या पडवीत बसून एकदा ओटी भरून घ्यायची आणि मुकाट्यानं निघायचं, एवढंच.”

“अहो, मी सांगते ना अप्पांना, तुमच्या भावाला!” मी उसळून म्हणाले. “देवमाणूस आहे हो तो. तुम्हाला बघून नाचेल.”

“तू सांगितलंस तर मी गाडीतून उतरणार नाही.” आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायची सोयही ठेवली नव्हती. मग हळूच म्हणाल्या, “कुंकवाशिवाय ह्या घरात मला जाता यायचं नाही गो.”

त्यांच्या कोल्हापुरी बोलण्यात तो कोकणातला ‘गो’ असा आला की माझा हट्टच संपला. मी मान हलवली.

शेवड्यांच्या घराबाहेर बस थांबली की अप्पा शेवडे पडवीतल्या झोपाळ्यावरून हाक द्यायचे, “या हो, या! आधी आमच्या विहिरीचं पाणी प्या. पोट साफ, नाहीतर पैसे परत!” पासष्टीचे गृहस्थ, अंगात बनियन, मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता. पाहुण्यांची थट्टा केल्याशिवाय त्यांना सुपारी गोड लागत नसे. माळीकाकूंना बघून ते म्हणाले, “कोल्हापूरकर दिसताय. आमची आमटी तिखट लागणार नाही, आधीच सांगून ठेवत्ये मंडळी.” हे ‘ठेवत्ये’ त्यांनी मुद्दाम सुनेची नक्कल करत म्हटलं, आणि आतून ऋजुता ओरडली, “मामंजी, पुरे हो!”

सगळ्या हसल्या. पाटीलमावशी खाली मान घालून सगळ्यांच्या मागून आत आल्या. बाकीच्या बायका “हात कुठं धुवायचे?” म्हणून विचारत होत्या. मावशी मात्र सरळ घराला वळसा घालून मागच्या पाण्याच्या दगडी दोणीशी गेल्या, तिथं कडीपत्त्याच्या झाडाला टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि हात न धुताच परत आल्या. पुन्हा जाऊन हात धुतले. माझ्याखेरीज ते कोणी पाहिलं नाही.

जेवायला फणसाची भाजी, आमटी, भात आणि खांडवी होती. मावशींनी पानातलं सगळं संपवलं, पण कशाचीही चव त्यांच्यापर्यंत पोचली असेल असं वाटलं नाही. त्यांची नजर सारखी झोपाळ्याकडे जायची आणि भाजल्यासारखी परत यायची. अप्पा तेव्हा माळीकाकूंना विहिरीचे गुण सांगण्यात गर्क होते.

मग पाट मांडले गेले. एकीमागून एक बायका बसायला लागल्या. उखाणे सुरू झाले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाव! मावशींना नाव घ्यावं लागणार. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे निघाले, पण माळीकाकूंनीच त्यांना खांद्याला धरून पाटावर बसवलं होतं. मंडळातल्या सगळ्या बायकांना मावशींचं वैधव्य ठाऊक होतं. अगदी एक जण जरी “अगं, हिची कशी?” म्हणाली असती तर सगळंच संपलं असतं. एकही बाई हललीसुद्धा नाही. एरवी एका पापडावरून भांडणाऱ्या त्या बायका, त्या घटकेला त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकावा असं वाटलं.

ऋजुतानं हळद-कुंकू लावलं. टिकलीखाली खरं कुंकू. ओंजळीत तांदूळ घेतले आणि हसून म्हणाली, “आजी, नाव घ्या. त्याशिवाय ओटी नाही हो.”

मावशींनी पदर दोन्ही हातांनी पुढे धरलेला. फक्त अप्पांचा अडकित्ता सुपारीवर वाजत होता.

“पूर्णगडाच्या पायथ्याशी,” मावशींचा आवाज फुटेना, त्यांनी पुन्हा सुरुवात केली, “पूर्णगडाच्या पायथ्याशी होड्यांची दाटी, सर्जेरावांचं नाव घेते माहेरच्या ओटीसाठी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांना वाटलं, कार्यक्रमाचं नाव काय सुरेख गुंफलं म्हातारीनं! ऋजुता म्हणाली, “वा आजी, आजच्या दिवसातला पहिला नंबर तुमचा.” तिनं तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि नारळ मावशींच्या पदरात घातला. मावशींनी पदर मिटला आणि छातीशी असा धरला, की जणू कोणी हिसकावून घेणार आहे.

अडकित्ता थांबला होता. मी झोपाळ्याकडे पाहिलं. अप्पांच्या मांडीवरचा डबा घसरून खाली पडला होता, सुपाऱ्या पडवीभर झाल्या होत्या आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मावशी उठल्या. भावासमोरून जाताना एक क्षण त्यांची पावलं अडखळली. मग त्या पायऱ्या उतरून बसकडे चालू लागल्या.

बायका निघण्याच्या गडबडीत होत्या. अप्पांनी मला बोटानं खुणावलं आणि माजघरात नेलं. एरवी ह्या माणसाचं तोंड मिटत नसे, आता ओठ नुसते हलत होते.

“सर्जेराव म्हणाली ना ती?”

मी नजर चुकवली. वचन दिलेलं होतं.

“तू नको बोलू. मला कळलंय. ताई आहे ती आमची.” त्यांनी खांबाला हात टेकला. “ती गेली त्या दिवशी बाबांनी घरातल्या सगळ्यांना विहिरीवर नेलं आणि तिच्या नावानं आंघोळ करायला लावली. आई, काकू, मी, सगळे. मेली म्हणून आंघोळ. मी चौदा वर्षांचा होतो. मग ओलेत्यानं देवासमोर उभे राहून बाबा म्हणाले, ‘पांढऱ्या कपाळानं परत येईल.’ बाबांचं बोलणं खरं ठरतं, असं गावात म्हणायचे. साप निघेल म्हणाले की साप निघायचा.”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“बाबा गेल्यावर मला तिचा शोध घेता आला असता,” अप्पा म्हणाले. “कोल्हापूर काही लंकेत नाही. पण नाही घेतला हो. भ्यालो. कोणी सांगितलं असतं की बाबांचा शब्द लागला, तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं असं म्हणत म्हातारा झालो. रात्री रात्री झोप नसे.” आणि मग त्यांचे डोळे भरून आले, पण चेहरा एखाद्या मुलासारखा उजळला. “आज कुंकू बघितलं तिचं. बाबांचा शब्द खोटा झाला. सुटलो.”

“बोलावू का त्यांना? अजून बसमध्ये चढतायत,” मी म्हटलं.

“नको. तिच्या नावानं आंघोळ केलेला माणूस मी. कुठल्या तोंडानं समोर जाऊ? भरल्या ओटीनं चालली आहे, तशीच जाऊ दे.” त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला सुरंगीचा गजरा कोनाड्यातून काढला. ऋजुतानं सकाळी स्वतःसाठी ओवलेला होता तो. “हा दे तिला. लहानपणी मीच काढून द्यायचो झाडावर चढून. कोणी दिला ते सांगू नको. सांगितलंस तरी चालेल.” मग एकदम आठवल्यासारखं, सोयरिकीतल्या माणसानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “यजमान कसे आहेत तिचे?”

त्या माणसाच्या तोंडाकडे बघून खरं बोलायला दगडाचं काळीज लागलं असतं. “बरे आहेत,” मी म्हणाले, आणि नुसतं बरे आहेत म्हटलं तर विश्वास बसणार नाही असं वाटून पुढे जोडलं, “थोडा दमा आहे.”

“मग आले का नाहीत ते?”

“महिला मंडळाची सहल ना, अप्पा.”

“खरंच की!” अप्पा डोळे पुसत हसले.

बस वळणावरून पुढे गेली, शेवड्यांचं कौलारू घर माडांमागे गेलं, आणि मी मावशींकडे गेले. त्यांचं कपाळ पुन्हा कोरं होतं. ऋजुताचं कुंकूही रुमालानं पुसून काढलेलं, तिथं नुसता लालसर ओरखडा राहिला होता. मंगळसूत्र मुठीत होतं. ओटी मांडीवर. मी गजरा हातात घेऊन त्या कपाळासमोर उभी राहिले.

मी सगळं सांगितलं. आंघोळ, शाप, कुंकू बघून अप्पा काय म्हणाले ते. मावशी खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. खाली समुद्र होता, ज्याच्याबद्दल मी दर फेरीला पाच मिनिटं बोलायचे. त्या दिवशी माइक सीटवर पडून होता.

“शाप लागला होता गो,” शेवटी त्या म्हणाल्या. “बाबांचं ते बोलणं तेव्हाच गावातल्या कोणीतरी माझ्यापर्यंत पोचवलं होतं. दीड वर्षात हे गेले. विषमज्वर झाला. मुलगा पोटात होता माझ्या. सासरचे म्हणाले, जा माहेरी. कशी जाणार? पांढऱ्या कपाळानं त्या दारात उभी राहिले असते तर बाबांचं खरं झालं असतं. ह्यांना माझ्या बापाच्या शब्दानं मारलं असं गाव म्हणालं असतं. मग नाहीच गेले. शाळेत शिपाई म्हणून लागले, पोराला वाढवलं. आईच्या आजारपणाचं कळलं, तेव्हा स्टँडवर येऊन परत गेले.” त्यांनी मांडीवरची ओटी सावरली. “अप्पू मला भ्याला आणि मी त्याला. तिकडं बाबा मरून गेले, आणि आम्ही दोघं त्यांचं एक वाक्य जपत बसलो.”

मला रडू आवरेना. त्या मात्र अजून रडल्या नव्हत्या.

“ह्यांचं काय विचारलं त्यानं?”

“कसे आहेत म्हणून.”

“मग?”

“म्हटलं, बरे आहेत. थोडा दमा आहे.”

“दमा?” मावशी माझ्याकडे वळल्या. “अगं, पंचगंगेला पूर आला की पोहून पैलतीरी जाणारा माणूस तो. दमा कसला लावतेस त्यांना!” आणि त्या हसल्या. हसता हसताच त्यांचा बांध फुटला. पुढच्या सीटवरून माळीकाकू उठून आल्या, काही न विचारता त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं मावशींनी माझ्या हातातल्या गजऱ्याकडे बघितलं. “माळ माझ्या केसांत. अप्पूनं बघितलं तेव्हा मी सवाष्ण होते ना? मग रत्नागिरी येईपर्यंत राहते.” त्यांनी टिकली शोधून पुन्हा कपाळाला लावली. त्यांच्या विरळ केसांत तो गजरा टिकेना. माळीकाकूंनी आपल्या अंबाड्यातली पिन काढून दिली.

त्यानंतर त्या भाटवेळला पुन्हा आल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, “आता गेले तर गळ्यात पडेन आणि सगळं ओकून बसेन. त्याला सुटल्यासारखं वाटतंय, तर वाटू दे.” बस मात्र दर आठवड्याला जायची. पाहुणे जेवायला बसले की अप्पा मला बाजूला घेऊन विचारायचे, “यजमान कसे आहेत?” मी त्या आठवड्यात मावशींना फोन केलेला असायचा आणि त्यांनी जे सांगितलं असेल ते पुढे पोचवायचे. रंकाळ्यावर फिरायला जातात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नातवाला पाढे शिकवतात, चुकला की ओरडतात. सुरुवातीला मावशी तुटक सांगायच्या, मग रंगून सांगायला लागल्या. कधी कधी मला वाटायचं की फोनच्या पलीकडे खरंच कोणीतरी पेपर वाचत बसलंय.

अप्पांनी दम्यावर म्हणून अडुळशाचा काढा करून दिला. माळीकाकूंचं मंडळ पुन्हा आलं तेव्हा बाटली त्यांच्याबरोबर कोल्हापूरला गेली. आठवड्यानं मावशी म्हणाल्या, “सांग अप्पूला, ह्यांना काढा लागू पडला. आता जिना चढताना धाप लागत नाही.” हे ऐकल्यावर अप्पांनी त्या दिवशीच्या सगळ्या पाहुण्यांना स्वतःच्या हातानं खांडवी वाढली होती.

ऋजुताला मात्र मी पुढच्या मोसमापासून फक्त सवाष्णींपुरता नाही, तर बसमधल्या प्रत्येक बाईपुरता खण-नारळ ठेवायला लावला. “सगळ्यांची?” तिनं विचारलं होतं. “सगळ्यांची,” मी म्हटलं. झोपाळ्यावरून अप्पा म्हणाले, “भर गो. माहेर काय कपाळ बघून असतं?” त्यांना आपण काय बोलून गेलो ते ठाऊक नव्हतं. मी तोंड फिरवून विहिरीकडे गेले.

असेच काही मोसम गेले. एका श्रावणात, बस बंद असताना, ऋजुताचा फोन आला. अप्पा गेले. झोपेतच. मग मी कोल्हापूरला फोन लावला.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्रास झाला का, जवळ कोण होतं, एवढंच विचारलं.

“मग आता ह्यांनाही जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “ज्याच्यासाठी जिवंत ठेवले होते, तोच गेला.”

मी म्हटलं, “मावशी...”

“ठेव गो फोन,” त्या म्हणाल्या. “मला आंघोळ करायची आहे. दोघांच्या नावानं.”